एकट्याची भटकंती, दोन गाड्या

अ‍ॅपलाचियन ट्रेल जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाते, सुमारे ३,५०० किलोमीटर. अर्ल शेफर १९४८ साली ती सलग चालून गेले. एडिसनला राहणारे आमचे बंधुराज तिच्या न्यू जर्सीतल्या तुकड्याचाही तुकडा एका मुक्कामात उरकणार आहेत. तयारी मात्र हिमालयाची. एक्सेलमध्ये मोज्यांचं वजन ग्रॅममध्ये. टूथब्रशचा दांडाही कापून झाला. मग वहिनींनी सॅकमध्ये थालीपिठांचा डबा आणि लोणच्याची काचेची बरणी कोंबली. वासाने अस्वल येईल म्हणे! त्यासाठी वाटेवरच्या शेल्टरपाशी खाणं ठेवायची लोखंडी पेटी असते. खरा पेच परतीचा: माणूस पुढे जातो, गाडी मागे राहते. म्हणून या ‘एकट्या’ला घ्यायला मेहुणा गाडी घेऊन डेलावेअर वॉटर गॅपला, आणि फोनवर लोकेशन पाहत अख्खी सासुरवाडी जागी.