दाजींचा पिक्चर अजून येतोय

पिक्चर बघणारी माणसं गावोगावी असतात. दाजी पिक्चर येताना बघतात. एकदा आलेल्या पिक्चरमध्ये त्यांना फारसा रस उरत नाही. शंभर टक्के झालं की "संपली ओ गंमत" म्हणून फाइल कुठल्याशा फोल्डरमध्ये ढकलतात, आणि पुढे नायकाचं काय झालं हे विचारलं तर डोकं खाजवतात.

दाजी शिरूरचे. जुनी माणसं ज्याला अजून घोडनदीच म्हणतात, त्या शिरूरचे. रांजणगावच्या एमआयडीसीत तीन पाळ्यांची नोकरी, न्हावऱ्याच्या अंगाला दीड एकर ऊस आणि बायको दौंडची. बायको दौंडची, हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. खरं तर ते एकट्या मेव्हण्याचे दाजी. पण राज्य राखीव दलात असलेला हा मेव्हणा सुट्टीला आला की कवायतीच्या मैदानावरची हाक मारतो. ती ऐकून ऐकून आळीने तेच नाव उचललं. आता दूधवालाही दाजीच म्हणतो आणि शेजारची ऐंशीची म्हातारीही.

त्यांच्या कॉम्प्युटरवर क्यूबिटटोरंट हे डाउनलोडचं अ‍ॅप कायम उघडं असतं. खिडकीच्या तळाशी एक आडवी पट्टी असते. आलेले तुकडे निळे, वाटेवरचे हिरवे, न आलेले कोरे. बाजूला व्हीएलसीत पिक्चर चालू असतो, पण दाजींची नजर पट्टीवर. नायिका रडत असते आणि दाजी म्हणतात, "आला! बघा, तेवढा कोरा राहिला होता, आला!" पाहुण्याला वाटतं, कथेत कोणी आलं.

हे प्रकरण समजून घ्यायला गेलात तर चहा दोनदा होतो. २००१ साली ब्रॅम कोहेन नावाच्या अमेरिकन पोराने बिटटोरंट काढलं, इथून सुरुवात. फाइलचे तुकडे करायचे. ज्याला पाहिजे त्याने थोडे इकडून, थोडे तिकडून घ्यायचे आणि घेता घेताच आपल्याकडचे दुसऱ्याला द्यायचे. "म्हणजे आपली सावड," दाजी सांगतात. "आज तुमच्या रानात आम्ही खुरपायला, उद्या आमच्या रानात तुम्ही. मुकादम नाही, मजुरी नाही." इथवर सगळ्यांना पटतं. मग गुंता सुरू होतो. सावडीचा नियम असा की ज्या तुकड्याच्या प्रती कमी, तो आधी घ्यायचा, म्हणजे तो नाहीसा व्हायची भीती राहत नाही. त्यामुळे शेवट आधी येतो, मधलं मागाहून, सुरुवात कधीतरी. असा पिक्चर बघणार कसा? त्यासाठी क्यूबिटटोरंटमध्ये तुकडे ओळीने मागवायची सोय आहे. पहिला, दुसरा, तिसरा. पुढचे येताहेत तोवर आपण मागचे बघायचे. त्यातही काही एमपी४ फायलींची अनुक्रमणिका अगदी शेवटी असते, ती मिळाल्याशिवाय पहिलं चित्रच हलत नाही. म्हणून पहिला आणि शेवटचा तुकडा आधी मागवायचं आणखी एक बटण.

ओळीने मागवणं हा दाजींच्या मते थोडा अधर्म आहे. आपल्या सोयीसाठी आपण सावडीचा नियम मोडतो. हा अधर्म ते रोज करतात आणि रोज त्याचं प्रायश्चित्तही घेतात: जेवढं घेतलं तेवढं परत दिल्याशिवाय टोरंट बंद करायचं नाही. याला रेशो एक होणं म्हणतात. रेशो एक होईपर्यंत त्यांच्या घरातला कॉम्प्युटर बंद होत नाही. वहिनी तो रात्री अकराला भिंतीवरच्या बटणाने बंद करतात. बिल त्या भरतात.

येता येता बघायची हौस दाजींना लागली ती २०१४ साली. त्या वर्षी ब्युनोस आयर्सच्या काही पोरांनी पॉपकॉर्न टाइम काढलं. चित्रावर बोट ठेवलं की पिक्चर सुरू. आत टोरंट चाललंय हे बघणाऱ्याला कळायचंही नाही. पोरांनी ते थोड्याच आठवड्यांत, मार्चमध्ये, बंद केलं. पण कोड खुला होता, तो इतरांनी उचलला आणि चालू ठेवला. दाजींना कोडचं भारी कौतुक आणि त्यावर दिसणाऱ्या मालाबद्दल तेवढीच नाराजी. "नांगर चांगला, पण रान दुसऱ्याचं," ते म्हणतात.

कारण दाजी चोरीचा पिक्चर बघत नाहीत. हे कोणालाही खरं वाटत नाही. टोरंट म्हटलं की लोकांचा चेहरा बदलतो, आवाज खाली येतो. शुक्रवारी लागलेला पिक्चर शनिवारी मागायला पोरं दाजींच्या दारात यायची. दाजी त्यांना बसवायचे, पाणी द्यायचे आणि ससा दाखवायचे. हा ससा म्हणजे 'बिग बक बनी'. २००८ सालची दहाएक मिनिटांची ॲनिमेशन फिल्म, ब्लेंडर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केलेली, कोणीही वाटावी अशी मोकळी. वेबटोरंट डेस्कटॉप हे दाजींचं दुसरं आवडतं अ‍ॅप. त्यात तर नमुन्यादाखल हा ससा आधीपासूनच येऊन बसलेला असतो. एक लठ्ठ ससा, तीन टवाळ जनावरं, शेवटी सशाचा सूड. पोरं म्हणायची, "दाजी, पुष्पा नाही का?" दाजी म्हणायचे, "आधी हा बघा, कसा झरझर येतोय!" आळीतल्या एका पिढीला तो ससा तोंडपाठ आहे. पुढे पोरांनी येणं सोडलं, हे सांगायला नकोच.

सशाच्या जोडीला 'संत तुकाराम'. प्रभातचा, १९३६ सालचा, दामले-फत्तेलालांचा. पुण्यात आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथल्या स्टुडिओतला. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट साठ वर्षांचा, त्यामुळे हा केव्हाच मोकळा झाला. आणि मोकळ्या गोष्टींचं कोठार असलेलं इंटरनेट आर्काइव्ह २०१२ पासून आपल्या फायलींची टोरंटं देतं, ही दाजींच्या आयुष्यातली थोर घटना. मुलीच्या जन्मानंतरची, असं ते वहिनींसमोर म्हणतात.

हा तुकाराम दाजी शेतात बघतात. उसाला पाणी द्यायची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात दाजी बॅटरी, काठी आणि मोबाइल घेऊन बांधावर. शिरूर तालुक्यात उसात बिबट्या असतो, ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. वनखात्याची माणसं सांगतात, रात्री रानात जाताना मोबाइलवर गाणी लावा, आवाज असू द्या. दाजी अभंग लावतात, पण दाजीच ते. अभंगही येता येता ऐकायचे. मोबाइलवर लिब्रेटोरंट, तेही ओपन सोर्स, तुकडे ओळीने मागवणारं.

एकदा मीही गेलो होतो त्यांच्यासोबत. डेटा दिवसाला दीड जीबी, आणि दिवसभरात तो सशाचं सीडिंग करण्यात, म्हणजे ससा इतरांना वाटण्यात गेलेला. विष्णुपंत पागनीस डोळे मिटून गात होते. सरीत पाणी खळखळत होतं. आणि अभंगाच्या मध्यावर कोटा संपला. पागनीसांचं तोंड उघडंच राहिलं, वर एक गोल फिरायला लागला. पाण्याचा आवाज तेवढा उरला. मग उसात काहीतरी खसपसलं.

"दाजी, दुसरं गाणं लावा," मी म्हणालो.

"दुसरं कुठलं? फोनमध्ये सशाशिवाय काही ठेवतच नाही मी. आलेलं काढून टाकतो."

"मग तुम्ही म्हणा."

दाजींनी घड्याळ बघितलं. "बाराला नवा डेटा लागतो. सात मिनिटं आहेत." ती सात मिनिटं आम्ही दोघांनी शाळेची प्रार्थना मोठ्याने म्हटली. उसात मुंगूस होतं, असं दाजींचं मत. बाराला पागनीस जिथे थांबले होते तिथूनच पुढे गायला लागले, आणि दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलं? एक तुकडा वाया नाही गेला."

आता दौंड.

दाजींच्या मुलीचं लग्न झालं आणि शूटिंगवाल्याने तीन तासांची एक सलग फाइल दिली, चाळीस जीबीच्या पुढची. माहेरच्यांना ती दाखवायला हवी. वहिनी म्हणाल्या, "अहो, पेन ड्राइव्हमध्ये घालून द्या की. गोपाळवाडीची आत्या उद्या परत चाललीय." दाजींनी कानावर हात ठेवले. घरात एवढी विद्या असताना पेन ड्राइव्ह! त्यांनी लग्नाचं टोरंट केलं आणि त्याची मॅग्नेट लिंक नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. लिंकमध्ये चाळीस अक्षरांचा हॅश असतो. मेव्हण्याचा लगेच फोन: "दाजी, एवढा मोठा ओटीपी कुणाचा आलाय?"

टोरंट आहे म्हटल्यावर मेव्हण्याचा आवाज आणखी चढला. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झालीय, पिक्चरची चोरी केली तर तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, दंड तीन लाखांपासून पुढे, निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत, हे त्याने सावधानच्या पवित्र्यात सांगितलं.

"पाव्हणं," दाजी म्हणाले, "या पिक्चरचा निर्माता मीच. मंडप मी दिला, जेवणं मी घातली. पाच टक्के दंड मी मलाच भरू का?"

मेव्हण्याच्या पोराने दौंडच्या घरी क्यूबिटटोरंट घातलं आणि ओळीने मागवायचं बटण दाबायला विसरला. तुकडे सावडीच्या रीतीने यायला लागले. हळदीचा अर्धा हात, मग एकदम पंगत, मग घोडा. दोन्ही घरांचं इंटरनेट असं की कित्येक घरांना मिळून बाहेर पत्ता एकच. बाहेरून आलेल्याला आत कोणाच्या दारी जायचं ते कळेना. कधी गाठ पडायची, कधी नाही. पडली की अकराला वहिनी बटण बंद करायच्या. असं करत करत अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर येऊन गाडं बसलं.

दोन टक्के म्हणजे फार नव्हे. पण राहिलेल्या दोन टक्क्यांत नेमका मामा होता. नवरीला बोहल्यावर घेऊन येणारा मामा! दौंडच्या टीव्हीवर नवरी हसत पुढे येई आणि तिच्या शेजारी, जिथे फेटा बांधलेला मेव्हणा असायला हवा, तिथे हिरवे चौकोन थरथरत. आहेराच्या वेळीही तेच.

"दाजींनी मामाला कापला," असं दौंडात झालं. लग्नात मानपानावरून जरा कुरबूर झालीच होती. तिला आता पुरावा मिळाला.

दाजींनी फोनवर स्वतःचा बचाव केला तो एसएचए-१ च्या साक्षीने. प्रत्येक तुकड्याची खूण, म्हणजे हॅश, आधीच लिहिलेली असते, आलेला तुकडा तिच्याशी जुळला नाही तर अ‍ॅप तो फेकून देतं आणि पुन्हा मागवतं. वाटेत कोणी एक ठिपका बदलू शकत नाही. "मी कापला असता तर हॅश जुळला असता का? सांगा!"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग पोलिसी आवाज: "आणि आधी कापून मग टोरंट केलं असंल तर?"

दाजींना उत्तर सुचेना. उत्तर नाहीच. हॅश जुळतो.

रविवारी दाजी लॅपटॉप पाठीला लावून, वहिनींना मागे बसवून, न्हावरे-चौफुला करत भीमेचा पूल ओलांडून मोटारसायकलने दौंडला गेले. वहिनींच्या पर्समध्ये पेन ड्राइव्ह होता. तो काढू दिला नाही. दोन्ही कॉम्प्युटर एकाच वायफायवर आणले की अ‍ॅप एकमेकांना घरातल्या घरात ओळखतात, इंटरनेटचा संबंधच नाही. दाजींनी जुनं अर्धवट पुसायला लावलं, "शून्यापासून येऊ दे" म्हणाले, ओळीने मागवायचं बटण स्वतः दाबलं. आजी, मावश्या, पोरंटोरं, सगळे टीव्हीसमोर बसले.

आणि फाइल भराभर यायला लागली. घरातल्या घरात वेग असतो. पट्टी डोळ्यांदेखत निळी होत चालली. दाजी अस्वस्थ झाले. पुढे वाकले आणि डाउनलोडच्या वेगाला मर्यादा घालून बसले, पिक्चर चालतो तेवढाच वेग. मेव्हण्याचा पोरगा म्हणाला, "आत्या, दाजी स्पीड कमी करतायत." वहिनी म्हणाल्या, "माहितीय."

तीन तास लग्न आलं आणि तीन तास बघितलं गेलं. फेटा बांधलेला मामा नवरीला घेऊन आला तेव्हा टाळ्या पडल्या. मेव्हणा म्हणाला, "परत लावा." दाजी म्हणाले, "पुढचं येऊ द्या की आधी." आहेरात मामाने भाचीच्या गळ्यात हार घातला, तोही सलग दिसला, एकही चौकोन नाही.

पाठवणीला सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पट्टी पूर्ण निळी झाली तसे दाजी मागे रेलले, त्यांच्यापुरतं लग्न आटोपलं होतं. ताटं घेतली, जेवणं झाली. वहिनी चपला घालून दारात उभ्या राहिल्या. दाजी मेव्हण्याच्या कॉम्प्युटरसमोर तसेच.

"अहो, अंधार पडायच्या आत निघायचं ना?"

"निघू. पाव्हण्यांचा रेशो बघ, शून्य. नुसतं घेतलंय, दिलं कुठं काय?"

मेव्हणा हात पुसत आतून आला. "दाजी, पोरीला अडीच तोळ्यांचा हार घातला, आत्ताच बघितला तुम्ही. तो कुठल्या रेशोत धरला?"

दाजींनी पट्टीवरची नजर हलवली नाही.

"ते ऑफलाइन झालं, पाव्हणं."