राजमान्य राजश्री तयार किल्लेसाहेब यांस

मु. पो. ताडपत्रीचा स्टॉल, बाजारपेठ

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, दिवाळी तोंडावर आली आणि आपण बाजारात दाखल झालात, याबद्दल आपलं जाहीर अभिनंदन करणं हे समस्त पालकवर्गाचं कर्तव्य आहे. आपण आलात आणि घरोघरचा केवढा व्याप टळला! आता कुणी विटा गोळा करत फिरत नाही, कुणी माळ्यावरचं गोणपाट ओढून काढत नाही, चिखलाचे हात पडद्याला पुसले जात नाहीत. आपण प्लास्टरचे, अंगाने हलके, रंगाने हिरवे-तपकिरी, चारी बाजूंचे बुरूज एका मापाचे. पैसे दिले, रिक्षात ठेवलं, गॅलरीत मांडलं, फोटो काढून स्टेटसला टाकला. दहा मिनिटांत स्वराज्य. मूल शेजारी उभं राहून फोटोपुरतं हसतं, मग आत जाऊन टीव्ही लावतं. बाकी सगळं झकास आहे. या टीव्हीपाशी मात्र आमचं घोडं अडलं आहे.

आपण आमचं नेमकं काय वाचवलंत, याचा हिशेब मांडून पाहू. लोक म्हणतात, कष्ट वाचवलेत. पण मातीचा किल्ला करताना मुलांना कष्ट वाटतात, असं म्हणणाऱ्याने मुलं पाहिलेलीच नसावीत. आपण वाचवलेत ते निर्णय. दगड-विटांचा ढीग रचायचा, गोणपाट पातळ चिखलात बुचकळून त्यावर पांघरायचं, आणि त्याला ज्या सुरकुत्या पडतील त्या दऱ्या मानायच्या, इथवर सगळे किल्ले सारखे. खरी भांडणं पुढे सुरू होतात. दरवाजा कुठल्या अंगाला? पायऱ्या बोटाने ओढायच्या की आइस्क्रीमच्या काड्या लावायच्या? तळ्याला वाटी पुरायची की आरसा? मावळा दरवाज्याहून उंच झाला, आता दरवाजा वाढवायचा की मावळा बसवायचा? गवत उगवायला मोहरी टाकली तर उभ्या कड्यावरून ती घरंगळते आणि सगळी हिरवळ पायथ्याशी गोळा होते. अळीव टाकले तर पाणी लागताच बियांवर बुळबुळीत आवरण धरतं, त्या चिखलाला चिकटून बसतात आणि दोन-तीन दिवसांत कड्यावरही कोंब दिसतात. हे कळण्यासाठी आधी एकदा मोहरीने फसावं लागतं, आणि वसुबारसेला हिरवळ हवी तर बी कधी टाकायचं याचा उलटा हिशेब करावा लागतो. सहा वर्षांचं मूल हे सगळं कुणी न शिकवता करतं. आपल्या अंगावर, साहेब, यातला एकही प्रश्न शिल्लक नाही. गवतसुद्धा रंगवूनच येतं.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आपलं नाव त्यात राहून गेलं, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं, कारण सर्वसमावेशकतेत आपला हात धरणारा कुणी नाही. कागदाची पट्टी चिकटवली की आपण रायगड, ती बदलली की प्रतापगड. सिंधुदुर्ग म्हणून विकले गेलात तर समुद्र गिऱ्हाइकाने आपला आणायचा. मातीतून राजगड करायला घेतलेल्या मुलाची मात्र पंचाईत होते. त्याला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या तीन दिशांना काढाव्या लागतात, मधे बालेकिल्ला चढवावा लागतो, आणि तिसऱ्या माचीला विटा कमी पडल्या की कुठली आखूड करायची ते ठरवावं लागतं. डोंगराची सोंड पाहून तटबंदी तिच्या कलाने न्यायची, हा गड बांधणाऱ्यांचा मूळ विचार. पुस्तकातल्या एका ओळीत तो येऊन जातो. विटा संपल्यावर तो हाताला कळतो.

आपण एकटे नाही, आपलं गोत मोठं आहे. आकाशकंदिलाचं किट येतं, त्यात कागद आधीच कापलेले, घड्यांच्या खुणा छापलेल्या, डिंकाच्या जागी सोलून चिकटवायच्या पट्ट्या. पणती रंगवायचं किट येतं, त्यात कुठे कुठला रंग हेही आखून दिलेलं. या गोताचे मूळपुरुष शोधत गेलं तर मजेशीर माहिती हाती लागते. जगभर विकला जाणारा प्ले-डो हा मऊ रंगीत गोळा जन्माला आला तेव्हा खेळणं नव्हताच. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका कंपनीचा तो भिंतीवरच्या कागदाची काजळी पुसायचा गोळा होता. घरांतल्या कोळशाच्या शेगड्या गेल्या, काजळी गेली, गिऱ्हाईक आटलं. त्याच सुमारास एका बालवाडीच्या शिक्षिकेच्या लक्षात आलं की मुलं या गोळ्याचे छान आकार करतात. त्यात रंग मिसळले गेले, आणि 1956 पासून तो खेळणं म्हणून विकला जाऊ लागला. मुख्य ऐवज काय, तर गव्हाचं पीठ, पाणी आणि मीठ. आमच्याकडे पोळ्या लाटताना पायात घोटाळणाऱ्या पोराच्या हातात जो गोळा दिला जायचा, ज्याची चिमणी व्हायची आणि तव्यावर भाजून खाल्लीही जायची, तोच हा. फरक इतकाच की आमचा डबीत भरलेला नव्हता.

आता पुराव्याचं बघू, कारण नुसत्या भावनेवर आपल्यासारख्या कठीण काळजाच्या सद्गृहस्थाला पाझर फुटणार नाही. 2012 साली नॉर्टन, मोचोन आणि अरिएली या तीन संशोधकांनी लोकांना कागदाचे बेडूक आणि करकोचे घडवायला लावले, आणि मग आपल्या घडीची किंमत ठरवायला सांगितलं. नवशिक्यांनी आपल्या चुरगाळलेल्या बेडकांना जवळजवळ तज्ज्ञांच्या घड्यांइतकी किंमत लावली. तिऱ्हाइताच्या लेखी ते बेडूक कचऱ्याच्या लायकीचे होते. प्रयोग मोठ्या माणसांवरचा आहे, हे मान्य. तरी पाच वर्षांचं मूल कागदाच्या बोळ्याला होडी म्हणून उशाशी घेऊन झोपतं, त्यामागे काय असावं, याचा थोडा उजेड त्यातून पडतो. पण याच अभ्यासाची दुसरी बाजू आमच्याच अंगावर येते. ज्यांना काम अर्धवट सोडावं लागलं, किंवा केलेलं मोडायला लावलं, त्यांच्या बाबतीत ही माया पातळ झाली. म्हणजे मुलाच्या आवाक्याबाहेरचं काम त्याच्या गळ्यात मारलं तर ते रडकुंडीला येऊन सोडून देणार, आणि पुढच्या वर्षी आपल्यालाच आणा म्हणणार. सबब तीन वर्षांच्या मुलाला राजगड सांगू नये, तळं सांगावं. वाटी पुरली, पाणी ओतलं, काम पुरं.

दुसरा पुरावा किल्ला स्पर्धांच्या आयोजकांनी जरा बसून ऐकावा असा आहे. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत, मुळातच चित्रांची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधी सांगितलं, की चित्र काढलंत तर रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. ते मिळालंही. नंतर मोकळ्या वेळात तेच रंगीत पेन समोर ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या आशेने काढणाऱ्यांनी त्यांना इतरांपेक्षा कमी हात लावला. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र तशीच होती. आमच्या सोसायट्यांत परीक्षक येणार म्हटलं की आदल्या रात्री वडील मंडळी थर्माकोल कापतात, दिव्यांच्या माळा सोडतात, आणि ज्याचा किल्ला तो झोपायला जातो. या बाबतीत, साहेब, आपण उलट प्रामाणिक आहात. आपण विकतचे आहात हे आपण लपवत नाही.

आपल्या वतीने जे आक्षेप येतात, त्यांनाही उत्तर द्यायला हवं. पहिला आक्षेप जागेचा. अंगण गेलं, फ्लॅट आले, माती आणायची कुठून? त्यात तथ्य आहे. पण किल्ल्याला अंगणच हवं हा आग्रह मोठ्यांचा. दोन कुंड्यांची माती आणि एक जुनी परात एवढ्यात गॅलरीच्या कोपऱ्यात किल्ला होतो, आणि तुळशीच्या लग्नानंतर ती माती कुंडीत परत जाते. आपलं प्लास्टर पाण्यात सहजी विरघळत नाही, त्यामुळे आपण माळ्यावर जाता, तिथून दोन-तीन वर्षांनी कचऱ्याच्या गाडीत. महागडी साधनं नसली तर मुलांचं अडतं, ही समजूतही याच महाराष्ट्रात खोटी ठरली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या त्या शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांच्या जोरावर. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. त्याआधीपासून काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून ते भूमितीचे आकार उभे करत आले होते. या मंडळींना दुकान दूर होतं म्हणून हे सुचलं, असं कुणी म्हणेल. असेलही. पण दुकान जवळ आल्यामुळे मुलांचे हात जास्त चालू लागले, असं तर कुठे दिसत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो सर्वांत वजनदार. आई-बाप दोघंही नोकरीला. त्यांनी चिखल कालवायचा कधी? यात एक गृहीत गुपचूप घुसलं आहे, की चिखल त्यांनीच कालवायचा. मुलांच्या किल्ल्याला मोठ्यांचा वेळ कमी आणि सोशिकपणा जास्त लागतो. बुरूज वाकडा दिसला तरी सरळ करायला धावायचं नाही, हे ते काम. वेळेच्या आक्षेपाला एक जुळा भाऊही आहे, तो फराळाच्या वेळी येतो: पूर्वी सगळं घरी व्हायचं हो! व्हायचं, कारण घरातल्या बायका दिवसभराची कामं आटोपून रात्री उशिरापर्यंत कढईसमोर बसायच्या. त्याची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांत कढईसमोर बसलेल्यांचा आवाज कमी असतो. म्हणून चकली खुशाल विकत आणावी, बचत गटाची मिळाली तर उत्तमच. भाजणीपासून सोऱ्यापर्यंत चकलीत मुलांना करण्यासारखं तसं फार नाही. शंकरपाळ्यांचा एक घाणा मात्र घरी व्हावा. दूध, तूप, साखर कोमट करून विरघळवायची, मैदा भिजवायचा, पोळी लाटायची, आणि कातणं मुलाच्या हातात द्यायचं. ते चौकोनांऐवजी होड्या, त्रिकोण आणि काही नाव नसलेले आकार कापणार. लहान तुकडे आधी काळपटतात, मोठे आत कच्चे राहतात, म्हणून तळण्याआधी लहान-मोठे निवडून वेगळे करायचं कामही त्याचंच. उकळतं तेल मोठ्यांकडे, यात तडजोड नाही. करंजीच्या वाट्याला पहिल्या वर्षी मुलांना लावू नये, हेही कबूल. हौसेने सारण ठासून भरलेली करंजी तेलात फुटते आणि अख्खा घाणा बिघडतो. बेसनाचं सारण निवल्यावर लाडू वळायला मात्र कुठलंही वय चालतं. ते एका मापाचे होणार नाहीत. पाहुण्यांच्या ताटात मापाचे ठेवावेत, बाकीचे वळणारेच संपवतात.

तिसरा आक्षेप आपल्याला घडवणाऱ्यांच्या पोटाचा. त्यांची थट्टा करण्याचा आम्हाला काडीचा अधिकार नाही. रस्त्याकडेला ताडपत्रीखाली आपल्यावर रंग मारणारं कुटुंब आमच्यापेक्षा जास्त राबतं. पण त्याच स्टॉलवर आपल्या शेजारी मावळे, तोफा, घोडेस्वार, सिंहासनावरचे महाराज, डोक्यावर घागर घेतलेली गवळण आणि किल्ल्याच्या मानाने भलताच मोठा वाघ मांडलेला असतो. आपल्या अंगावर चार मावळे चिकटवलेलेच येतात, तिथे गिऱ्हाईक थांबतं. मातीच्या किल्ल्याला दर वर्षी भरती लागते, कारण मागच्या वर्षीच्या मावळ्यांचे भाले मोडलेले असतात आणि दोघे-तिघे तळ्यात विरघळलेले. आपण घरी आलात की पुढची दोन-तीन वर्षं त्या घरातून कुणी स्टॉलकडे फिरकत नाही. कुंभाराच्या पोटाची काळजी खरंच असेल, तर आपण जरा मागे सरकावं आणि मावळ्यांना पुढे करावं.

बाकी सर्व क्षेम. आपल्या तब्येतीस ओलावा मानवत नाही असं ऐकतो, तरी पावसाळ्यात जपावं. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक चिखलपक्षीय नागरिक

ता. क. सोबत येणारे मावळे तेवढे चिकटवण्याआधीच इकडे पाठवून द्यावेत. सुवेळा माचीवर माणसं कमी पडताहेत.