कॉर्नेल? छे!

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या दोन भक्तांसमोर ‘८ मे १९७७’ एवढंच म्हणा. एक डोळे मिटून घेईल, दुसरा नाक मुरडेल. कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली त्या दिवशीची ध्वनिमुद्रित मैफल अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून यादीत घातली आणि तिथेच ती बाटली! जी सगळ्यांना आवडते, ती दर्दी माणसाला कशी आवडेल? त्याला दुसऱ्या दिवशीची बफलोची हवी. तीही मिक्सरवरून घेतलेली स्वच्छ प्रत नको. गर्दीत माइक उभारून टिपलेली हवी, बँडच्या जेरी गार्सियाच्या गिटारवर शेजाऱ्याचा खोकला ऐकू येणारी. वर नकलेवरून नक्कल होत फिरलेली ती कॅसेट कितव्या हातची, याची चौकशी स्थळाचं कूळ विचारावं तशी. गाणं कोणतं होतं म्हणता? ते नंतर बघू.