नीलम आणि निळा फिल्टर

शनीची तेजस्विता मोजताना त्याचा प्रकाश रंगीत फिल्टरमधून गाळून घेतात. खगोलशास्त्रज्ञ जॉन्सन आणि मॉर्गन यांनी १९५३ साली मांडलेल्या पद्धतीत अतिनील, निळा आणि ‘दृश्य’ म्हणजे हिरवट-पिवळा, असे तीन फिल्टर असतात. हौशी निरीक्षक शेवटच्या दोनांवर भागवतो. अतिनील महाग पडतो. चारचौघांत मात्र निरीक्षक वातावरणाकडे बोट दाखवतो.

मोजून येणाऱ्या आकड्याला प्रत म्हणतात. प्रत जितकी लहान तितकी वस्तू तेजस्वी. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट.

शनीची तुलना प्रत ठाऊक असलेल्या ताऱ्याशी करतात. सेन्सर प्रकाशाने तुडुंब भरू नये म्हणून प्रतिमा मुद्दाम धूसर ठेवतात. कडी बघायची म्हणून ज्याने हप्त्यावर दुर्बीण आणली, त्याच्या वाट्याला पहिले काम येते ते कडी पुसण्याचे. शेजारी पडद्यावर बघून ‘डाग पडलाय’ म्हणतात. निरीक्षक त्यांना तिसऱ्या दशांश स्थळाबद्दल सांगतो. ते स्थळ बहुतेकदा ढगाचे असते.

सूर्याच्या निळ्या आणि दृश्य प्रतींतला फरक ०.६५च्या आसपास, शनीचा १च्या जवळ. म्हणजे शनीच्या वरच्या थरातले धुके निळा प्रकाश खाते आणि ग्रह निळ्यात मंद पडतो. ‘मंद’ हे त्याचे जुने नावच, पण ते चालीवरून. गंमत अशी, की ज्योतिषी त्याच्यासाठी खडा सुचवतात तो नीलम! ज्या रंगात ग्रह हात आखडता घेतो, त्याच रंगाची अंगठी. शनी एका राशीत अडीच वर्षे राहतो, तीन राशींची मिळून साडेसाती. बारांतल्या तीन राशी कायम तिच्यात, म्हणजे साधारण दर चौघांत एक जण. निरीक्षकाची आई शनिवारी मारुतीला तेल वाहते आणि गच्चीच्या जिन्यात त्याला बजावते, ‘त्याच्याकडे फार टक लावून बघू नकोस रे.’ त्या तेलाबद्दल कुणाची तक्रार नाही. नोकरी गेलेल्या माणसाला भीती घालून उधारीवर नीलम विकणाऱ्याबद्दल मात्र आहे, आणि ती विनोदात बसत नाही.

दृश्य प्रतीत सर्वांत मोठी उलथापालथ कडी करतात. ती सुमारे २७ अंशांपर्यंत कलतात, तेव्हा एकूण प्रकाश दुपटीहून जास्त होतो. २३ मार्च २०२५ रोजी ती पृथ्वीच्या दृष्टीने अगदी कडेवर आली होती. प्रतियुतीच्या, म्हणजे सूर्य आपल्या बरोबर पाठीशी असतानाच्या, आसपास कड्यांतल्या कणांच्या सावल्या त्यांच्याच मागे लपतात आणि कडी आणखी उजळतात. खगोलशास्त्रज्ञ झेलिगर यांनी हे स्पष्टीकरण १८८७ साली दिले.

शेवटी हवेची वजावट. क्षितिजाजवळ हवा निळा प्रकाश जास्त गिळते, म्हणून शनी आणि तारा किती उंचीवर होते तेही लिहावे लागते. वेळ, फिल्टर, उंची, प्रत असे चार रकाने आखलेल्या वहीत मागच्या पानावर आईचा दुधाचा हिशेब असतो. तो मात्र दर महिन्याला जुळतो.