परवडणाऱ्या फुल फ्रेमचा अभ्यासक

लहान, परवडणारा आणि फुल फ्रेम असा डिजिटल कॅमेरा घेण्याच्या बेतात असलेला माणूस महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या शहरांत आढळतो. तो साधारण चाळिशीचा, सहसा पुरुष. पोटापाण्यासाठी तो बँकेत, आयटीत किंवा पाटबंधारे खात्यात असतो. त्याच्याकडे एक कॅमेरा आधीपासून असतो आणि तो चांगला चालतो, ही त्याची मुख्य अडचण. बिघडला असता तर घरात विषय काढणे सोपे गेले असते. कोणी विचारलेच तर तो ‘बघतोय’ एवढेच म्हणतो. हे बघणे दोन-तीन आठवड्यांत उरकल्याचे उदाहरण सापडत नाही. चार-पाच वर्षे सहज जातात.

फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. हे माप कुठून आले ते त्याला तोंडपाठ असते. वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीतल्या ऑस्कर बार्नाकने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी चालवली, सिनेमाच्या दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली आणि खिशात मावेल असा कॅमेरा केला. लायका या नावाने तो १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारमेळ्यात लोकांसमोर आला. मोठ्या काचांवर फोटो काढणाऱ्या तेव्हाच्या व्यावसायिकांना हे माप चिमुकले वाटे. अभ्यासक हा इतिहास लग्नाच्या पंगतीत सांगतो. शेजारचा पाहुणा बासुंदी संपेपर्यंत ऐकतो, कारण उठता येत नसते.

मोठ्या सेन्सरचा फायदा खरा आहे. नेहमीच्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरचे क्षेत्रफळ साधारण ३७० चौरस मिलिमीटर, फुल फ्रेमचे ८६४. लेन्सचे छिद्र आणि शटर तेच ठेवले तर फुल फ्रेमला एकूण प्रकाश एका स्टॉपपेक्षा, म्हणजे दुपटीपेक्षा, थोडा जास्त मिळतो. तिन्हीसांजेला, देवघरात किंवा मांडवातल्या पिवळ्या दिव्यांखाली फोटोत दाणे कमी दिसतात, पार्श्वभूमीही जास्त विरघळते. अभ्यासकाचे बहुतेक फोटो मात्र एप्रिलमध्ये, भर दुपारी, गुहागरच्या किनाऱ्यावर काढलेले असतात. तिथे उजेड कमी पडल्याची तक्रार अजून कोणी केलेली नाही.

‘परवडणारा’ या अटीचा हिशेब तो फार मागून लावतो. २००५ साली कॅननचा ५डी आला तेव्हा त्याची किंमत ३,२९९ डॉलर होती आणि सर्वांनी तो स्वस्त ठरवला, कारण त्याआधीचे फुल फ्रेम त्याहून कितीतरी महाग होते. २०१२ मध्ये सोनीने आरएक्स१ काढला: मूठभर, पण लेन्स कायमची बसवलेली आणि किंमत २,७९९ डॉलर. पुढच्याच वर्षी सोनीच्या ए७ ने खरा फरक केला. आतला आरसा गेला, तशी आरशासाठी सोडलेली जागाही गेली. कॅननच्या आरसेवाल्या कॅमेऱ्यांत लेन्सची कडी सेन्सरपासून ४४ मिलिमीटर लांब असे. सोनीत ती १८ मिलिमीटरवर आली आणि बॉडी चपटी झाली. २०१९ मध्ये कॅननचा आरपी १,२९९ डॉलरला आला. प्रत्येक टप्प्यावर अभ्यासकाचे मत एकच होते: अजून थोडा उतरू दे. तो उतरतो तेव्हा पुढचे मॉडेल येणार अशी कुणकुण असते. पुढचे येते तेव्हा मागचे दुकानात मिळेनासे होते.

अभ्यासाचे मुख्य साधन म्हणजे एक्सेल शीट. त्यात कॅमेरे वजनाने लावलेले असतात आणि प्रत्येकापुढे तो का घेता येणार नाही याचे कारण असते. सिग्मा एफपी ४२२ ग्रॅमचा, सगळ्यांत हलका. पण त्याला यांत्रिक शटर नाही, त्यामुळे धावत्या लोकलचे डबे तिरके येण्याची भीती, आणि डोळा लावायला व्ह्यूफाइंडरही नाही. पॅनासॉनिकच्या एस९ मध्ये याच दोन गोष्टी नाहीत. कॅननचा आर८ ४६१ ग्रॅमचा आणि गुणी. पण हाताचा कंप सावरणारी यंत्रणा बॉडीत नाही आणि बॅटरी लहान. सोनीच्या ए७सी २ मध्ये जवळजवळ सगळे आहे, म्हणून किंमतही तशीच. निकॉनचा झेड५ पैशाच्या मानाने उत्तम, पण ६७५ ग्रॅमचा असल्याने शीटमधला त्याचा रकाना लाल. आर८ आणि एस९ यांच्या वजनातला फरक फार तर एका पेढ्याएवढा असतो. त्यावर एक अख्खा रविवार जातो. आतून हाक येते, ‘अहो, घ्या नाहीतर सोडा, पण आधी जेवायला या.’

या शीटमध्ये लेन्सचा रकाना नसतो. बॉडी हवी तेवढी चपटी करता येते, पण ३६ बाय २४ च्या चौकटीचा कर्ण ४३ मिलिमीटर भरतो आणि तेवढे वर्तुळ उजेडाने नीट भरण्याचे काम काचेला करावेच लागते. सोनीच्या २४-७० एफ २.८ या झूम लेन्सची पहिली आवृत्ती ८८६ ग्रॅमची होती. बरीच झडून दुसरी ६९५ वर आली. म्हणजे पाचशे ग्रॅमच्या बॉडीपुढे सातशे ग्रॅमची लेन्स, आणि ‘खिशात मावणारा’ कॅमेरा वेगळ्या बॅगेत. यातून सुटायची वाट आहे आणि ती सोपी आहे. कॅननची ५० एफ १.८ ही लेन्स १६० ग्रॅमची, निकॉनची ४० एफ २ ही १७० ग्रॅमची, दोन्ही खिशाला झेपणाऱ्या. आरपीवर ही ५० ची लेन्स चढवली की सगळा संच साडेसहाशे ग्रॅमच्या आत बसतो आणि तिन्ही अटी पुऱ्या होतात. हे उत्तर अभ्यासकाला पसंत पडत नाही. ‘मग हरिश्चंद्रगडावर झूम नको?’ असे तो विचारतो. गडावर तो शेवटचा कधी गेला होता, हे शीटमध्ये नसते.

मुंबईच्या फोर्टातली बोरा बाजाराची गल्ली हे त्याचे तीर्थक्षेत्र. तिथे तो ‘नुसता हातात घेऊन बघायला’ जातो. काउंटरवरच्या माणसाला गिऱ्हाईक पाहताक्षणी कळते: वजन विचारणारा विकत घेत नाही, घेणारा बॅग फुकट मिळेल का ते विचारतो. बिलासकट आणि बिलाशिवाय असे दोन भाव निघतात. बिलात अठरा टक्के जीएसटी, बिलाशिवाय घेतला तर वॉरंटीच्या नावाने शून्य. अभ्यासक दोन्ही भाव लिहून घेतो आणि सॅन होजेच्या भाच्याला मेसेज टाकतो. भाचा डिसेंबरात येणार असतो. मग डॉलरचा भाव, कस्टमची धास्ती आणि भाच्याच्या बॅगेत आईने मागवलेल्या वस्तू, यांत तो डिसेंबरही निघून जातो.

शेवटी तो सेकंड हँडकडे वळतो, आणि इथे मात्र त्याच्या ज्ञानाचा खरोखर उपयोग होतो. शटर किती वेळा पडले ते तो आधी विचारतो. लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे धागे शोधतो, कारण किनारपट्टीच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला फंगस लागायला फारसा वेळ लागत नाही. सेन्सरवरचे डाग दिसावेत म्हणून छिद्र बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढतो. विकणारा बहुधा त्याच जातीचा निघतो, फक्त चार वर्षे पुढचा. त्याने असाच अभ्यास करून फुल फ्रेम घेतलेला असतो, लेन्सच्या ओझ्याने मान धरलेली असते आणि आता त्याने क्रॉप सेन्सरवर जायचे ठरवलेले असते. व्यवहार दहा मिनिटांत होतो, गप्पा दोन तास चालतात. निघताना विकणारा एक जादा बॅटरी, चार्जर आणि नवीकोरी बॅग प्रेमाने हातात देतो. लेन्स देता येत नाही. ती गेल्याच आठवड्यात विकलेली असते.