आधी कोणत्या रस्त्यानं आलात ते सांगा

मोहाडी तालुक्यातल्या करडीला कुठल्याच परदेशाची हद्द लागत नाही. म्हणूनच इथल्या पानठेल्यावर हद्दीच्या कायद्यांबद्दल अगदी मोकळेपणानं बोलता येतं.

परवा कॅनडाचा विषय निघाला. अमेरिकेतून जमिनीवरून आलेल्याला कॅनडा सांगतो, तुम्ही सुरक्षित देशातच होता, आश्रय तिथंच मागा. दोन्ही देशांमधला हा करार २००४ च्या डिसेंबरात लागू झाला, पण फक्त अधिकृत नाक्यांवर. नाक्यावर सरळ गेलेला परत. क्यूबेकच्या रॉक्सम रोडनं आडवाटेला लागलेल्याला पोलीस अटक करत आणि मग त्याचा अर्ज ऐकला जाई! २५ मार्च २०२३ ला ही फट बुजवली आणि नियम सगळ्या हद्दीला लावला. तरी तेव्हा एक वाट ठेवलीच : आत शिरल्यावर १४ दिवस उलटले की करार लागत नसे. ते दिवस उलटल्याचा पुरावा मात्र अर्जदारानं द्यायचा.

"लपल्याची पावती कोण देते जी?" पानवाल्यानं विचारलं.

कॅनडात जवळचा नातेवाईक असेल तर सूट, हे कलम मात्र मंडळींना लगेच पटलं. आपल्याकडे कोणतं काम त्याशिवाय होतं?

हसायला हरकत नाही, पण आपल्याकडे निर्वासितांचा कायदाच नाही. १९५१ च्या जागतिक करारावर आपली सही नाही. आहेत त्या याद्या आणि तारखा. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत देश तीन, धर्म सहा, आणि ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत पोचलेलं असणं सक्तीचं. छळ १ जानेवारीला सुरू झाला असेल तर तो तुमचा आळस.

यादीत चीन नाही. त्यामुळे गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग वसाहतीतल्या तिबेट्यांना तिचा काही उपयोग नाही. ती १९७२ ला वसली तेव्हा भंडारा जिल्ह्यात होती. १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. माणसं जागची हलली नाहीत, जिल्हाच स्थलांतर करून गेला. त्यांच्यासाठी वेगळी तारीख आहे : १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला जन्मानंच नागरिक, दिल्ली उच्च न्यायालयानंही २०१० मध्ये तेच सांगितलं. म्हणजे थोरला भारतीय, आणि त्याच आईबापांचा त्या तारखेनंतरचा धाकटा परकीय. त्यानं नोंदणीपत्राचं नूतनीकरण करत बसावं.

ठेल्यावर ठराव झाला : छळ करणाऱ्या सरकारांनी आमच्या याद्या वाचून, मुदत पाहूनच छळाला हात घालावा. एकमतानं मंजूर. पण चीनला जायची प्रत भंडाऱ्याच्या कलेक्टर कचेरीतून निघेल की गोंदियाच्या, यावर सभा अडली ती अडलीच.