साडेतेरा बादल्या

आतोबा निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांना गाडीत पुढं बसवलं की रेडिओ लावावा लागत नाही. मे महिन्यात आत्याला माहेराहून, म्हणजे कराडहून, कुंभार्ली घाटानं चिपळूणला आणायचं आणि तसंच पुढं दाभोळची खाडी ओलांडून उन्हवऱ्याच्या गरम पाण्यात तिचे गुडघे शेकायचे, असा बेत होता. पाटण यायच्या आतच आतोबांनी सिद्धान्त मांडला, "जगात वीजघर एकच. सूर्य. बाकी सगळ्या त्याच्या शाखा."

वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या दिसल्या. ऊन जमीन तापवतं, तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी गार हवा येते, तोच वारा, म्हणजे सूर्यच.

"मग आता पाती का हलत नाहीत? सूर्य तर डोक्यावर आहे," आत्या मागून म्हणाली.

"पावसाळ्यात ये, मग बघ."

कोयनानगरला आत्याची जुनी जखम उघडी पडली. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, हे कराडच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पण धरण बांधून शिवसागर जलाशयातलं बरंचसं पाणी बोगद्यांनी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं. ते पोफळीला टर्बाइन फिरवून वाशिष्ठीत उतरतं आणि चिपळूणवरून अरबी समुद्राला जातं.

"माझंच झालंय," आत्या म्हणाली. "कराडची, आणि दिली चिपळूणला."

आतोबा तातडीनं आकड्यांत शिरले. पाणी पावणेपाचशे मीटर खाली पडतं. एक लिटर पाण्यातून साडेचार हजारांच्या वर ज्यूल मिळतात. म्हणजे एक युनिट विजेला, काहीही वाया गेलं नाही तरी, पावणेआठशे लिटर! उलट एक लिटर पाणी पंधरा अंशांनी तापवायला त्रेसष्ट हजार ज्यूल लागतात. "थोडक्यात, गिझरवर एक बादली कोमट करायची तर साडेतेरा बादल्यांना सह्याद्रीवरून उडी मारावी लागते."

"आणि तुम्ही रोज दोन घेता. सत्तावीस बादल्या." आत्याचं अंकगणित नेहमी वेळेवर असतं.

घाटात चहाला थांबलो. स्टीलच्या पेल्यानं आतोबांची बोटं भाजली, तेवढ्यावर त्यांनी वहन समजावलं. किटलीकडं बोट दाखवून अभिसरण झालं. प्रारणासाठी ते चुलीकडं वळेपर्यंत आत्यानं चहा बशीत ओतून पिऊन टाकला होता. उष्णतेबद्दल या घरात खरं ज्ञान कुणाला आहे, यावर माझं मत मी तिथंच नक्की केलं.

धोपाव्याला फेरीबोटीवर आमच्या पुढं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक चढला. आत्या गाडीतून उतरून उभी राहिली. तिच्या मते त्यानं बोटीवरचं ओझं थोडं तरी कमी झालं. बोट जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो, हे आर्किमिडीजचं म्हणणं आतोबांनी कठड्याला धरून सांगितलं. पाण्यात टेकलेला तळ तीनशे चौरस मीटर धरला, तर एक टनाच्या मोटारीनं बोट जेमतेम तीन मिलिमीटर खचते.

"आणि ट्रकनं?"

आतोबांनी ट्रककडं पाहिलं आणि विषय अंजनवेलच्या वायूवरच्या वीजप्रकल्पाकडं नेला. तिथल्या माणसांच्या तोंडी त्याचं नाव अजून एन्रॉनच आहे. नैसर्गिक वायू म्हणजे कोट्यवधी वर्षं गाडलेलं ऊन. पुन्हा सूर्य!

उन्हवऱ्याला उगमापाशी हात घालवत नाही. अंघोळीला निवलेल्या पाण्याची टाकी आहेत, बायकांची आणि पुरुषांची वेगळी. आम्ही गळ्यापर्यंत बसलो. पाण्यानं वजन उचलून धरल्यामुळं आतोबा नुकते प्रसन्न झाले होते, इतक्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"अहो, हे पाणी कुठल्या शाखेचं?"

आतोबा जरा चुळबुळले. "पाणी पावसाचं. भेगांमधून खोल मुरतं. पाऊस सूर्यामुळंच…"

"तापवलं कुणी?"

"जमिनीत दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश तापमान वाढतं. पृथ्वी घडली तेव्हाची उष्णता, शिवाय खडकांतली किरणोत्सारी मूलद्रव्यं…"

"म्हणजे सूर्य नाही."

"तसं… थेट नाही."

"नीट ऐकू येत नाही. मोठ्यानं सांगा, इथं चारचौघी बसल्यात."